नदीत मागे राहिलेले ड्रायव्हरभाऊ

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं. मी पिपरी मेघेत राहते. आमच्याकडे सकाळी फिरणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, पण त्या फिरत नाहीत, धावतात. हात हलवत, सुनांबद्दल बोलत त्या पुढे निघून जायच्या आणि मी रस्त्याच्या कडेला एकटीच राहायची. दोन महिन्यांत मी बाहेर पडणंच सोडून दिलं. पंचायत समितीत तीस वर्षं क्लार्क म्हणून खुर्चीवर बसून काढली होती, आता घरातल्या खुर्चीवर बसू, असं मनाशी ठरवूनही टाकलं.

तेव्हा आमच्या गल्लीतल्या सिस्टरने मला तिच्या मंडळींत ओढलं. ती सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. तिचं नाव आता कोणी घेत नाही, सगळे सिस्टरच म्हणतात. ती म्हणाली, "आमच्यासंग चाल. आमच्याहून हळू चालणारं या जिल्ह्यात कोणी नाई."

ते खरंच होतं. आठ जणांचा आमचा गट. कॉलेजात भूगोल शिकवलेले एक सर आमचे पुढारी. दर रविवारी सकाळी एक भाड्याची गाडी करायची, कुठल्या तरी नदीच्या पात्रात उतरायचं आणि दोन-तीन तासांत जेमतेम एक किलोमीटर चालायचं. चालता चालता गोटे पाहायचे. मी वडनेरची, नदीकाठी वाढलेली, पण नदीत गोट्यांशिवाय काही नसतं असंच मला वाटायचं. सरांनी पहिल्याच रविवारी एक मळका, बटाट्यासारखा दगड पाण्यात बुडवून माझ्या हातावर ठेवला. आत मधाच्या रंगाचे पट्टे होते. "हा अकीक," ते म्हणाले. "ज्वालामुखीच्या बुडबुड्यात तयार झाला. तुमची वाट पाहत बसला होता म्हणा." मी साठीची बाई, पण त्या दिवशी घरी येईपर्यंत तो दगड मुठीतून सोडला नाही.

गटाचा एक नियम होता. कोणी एकटं मागे राहायचं नाही. दर रविवारी एकाने सगळ्यांच्या शेवटी चालायचं. त्याला आम्ही शेपूट म्हणायचो. शेपटाने आपल्या मागे कोणी उरलं नाही ना, एवढंच पाहायचं. बहुतेक वेळा शेपटाचं काम म्हणजे ड्रायव्हरभाऊंबरोबर थांबणं.

ड्रायव्हरभाऊ समुद्रपूरचे. एसटीवर ड्रायव्हर होते. जुन्या गाड्यांच्या इंजिनाशेजारी बसून बसून त्यांचा एक कान गेला आणि दुसरा मशीन लावली तरच चालायचा. गटात सगळ्यांत हळू तेच. एका जागी उकिडवे बसायचे आणि अर्धा अर्धा तास गोटे धूत राहायचे. हाक मारली तर हात वर करायचे. त्या हाताचा अर्थ "आलो" असा, की "जा", हे कोणालाच कळत नसे.

तो रविवार थंडीतला होता. समुद्रपूरच्या अलीकडे आम्ही नदीत उतरलो. पात्र रुंद, मधोमध पाण्याचे डोह, बाकी वाळू आणि गोटे. एका काठावर तुरी उभ्या, दुसऱ्यावर कापूस. यंदा तूर माणसाच्या डोक्यावर गेली होती. गाडीवाला वर पुलाजवळ थांबला. त्या दिवशी शेपूट मी होते.

पहिला तास छान गेला. मग एका डोहाच्या पलीकडच्या काठावर ड्रायव्हरभाऊंनी बैठक मारली. बाकीचे पुढे निघाले. मी दहा मिनिटं थांबले, पंधरा मिनिटं थांबले. तेवढ्यात माझ्या पायाशी एक दगड दिसला. लाल, आत पांढरी रेघ, रेघेच्या आत पुन्हा लाल. असा मी कधी पाहिला नव्हता. तो सरांना दाखवायची मला इतकी घाई झाली की काय सांगू. मी हाक मारली, "भाऊ, चला ना आता!" त्यांनी मान वर न करता हात वर केला.

मला राग आला. दर वेळी याच माणसासाठी आपण का थांबायचं, असं मनात आलं. आणि मी निघाले.

वळणाच्या पुढे एका सपाट खडकावर सगळे चहा घेत बसले होते. सरांनी भिंग काढून माझा दगड पाहिला, सगळ्यांना फिरवून दाखवला. मी फुगले. सिस्टरने विचारलं, "ड्रायव्हरभाऊ कुठी हायेत?"

"येऊन राह्यले मागून," मी म्हणाले.

हे मी खोटं बोलले. ते येत नव्हते, हे मला माहीत होतं. चहा झाला, चिवडा झाला. अर्धा तास गेला असेल. मग सिस्टर उठली, "चाल, घेऊन येऊ त्याईले."

आम्ही दोघी आल्या वाटेने परत निघालो. वळणाआधी डोहाच्या बाजूने ओल्या वाळूची एक पट्टी होती. येताना आम्ही सगळे तिच्यावरूनच आलो होतो, आमच्या पायांचे ठसे स्पष्ट दिसत होते. माझ्या बुटाचा ठसा मी ओळखला, कारण ऑपरेशनच्या पायावर मी भार कमी देते आणि तो ठसा उथळ उमटतो. मी तो पाहत होते आणि पाहता पाहता माझ्या लक्षात आलं की त्या ठशावर दुसरा ठसा आहे.

माझ्या टाचेच्या खुणेवर एक पंजा उमटला होता. माझ्या तळहातापेक्षा मोठा. गोल. चार बोटं, खाली जाड गादी. नखांची खूण नाही. त्या खोलगट जागेत पाणी अजून झिरपत होतं, माझ्या डोळ्यांदेखत ते काठापर्यंत चढलं.

मला पहिल्यांदा काही वाटलंच नाही. मी मूर्खासारखी म्हणाले, "कुत्रा असंन."

सिस्टरने माझं मनगट पकडलं. ठसे तुरीतून खाली आले होते, आमच्या वाटेला लागले होते आणि तीस-चाळीस पावलं आमच्या पावलांवरून चालले होते. म्हणजे मी दगड मुठीत घेऊन खुशीत पुढे जात होते, त्यानंतर कोणी तरी माझ्या मागून माझ्याच पावलावर पाऊल ठेवत आलं होतं. पुढे ठसे थांबले होते. वळले होते. आणि पात्राच्या कडेकडेने परत गेले होते, डोहाकडे.

डोहाकडे ड्रायव्हरभाऊ होते.

सिस्टरने मला तसंच धरून उलटं मागे नेलं, पाठ न फिरवता, एक एक पाऊल. खडक दिसायला लागला तसा तिने हात उंच करून सरांना बोलावलं.

तिने फार थोडक्या शब्दांत सांगितलं. कोणी ओरडलं नाही. एका बाईंच्या हातातला कप मात्र खाली पडून फुटला. सरांनी फोन काढला. तिथे रेंज नव्हती.

"सगळ्यांनी सोबत जायचं," सिस्टर म्हणाली. ती जंगलाकडच्या उपकेंद्रात नोकरी केलेली बाई. "धावाचं नाई. एकमेकाचा हात सोडाचा नाई. मोठ्यानं बोलत चाला. आणि काहीही झालं तरी खाली वाकाचं नाई."

"वाकायचं का नाही?" कोणी तरी विचारलं.

"वाकलेला माणूस त्याले माणूस दिसत नाई. जनावर वाटते. मोहफुलं वेचणारी एक बाई आणली होती आमच्याकडे." त्या बाईचं काय झालं ते तिने सांगितलं नाही.

मला एकच दिसत होतं. डोहाच्या काठी उकिडवा बसलेला, पाठीचा कणा वाकवलेला माणूस. त्याला नीट ऐकूही येत नाही. आणि तिथे त्याच्याजवळ थांबायचं काम माझं होतं.

आम्ही सात जण एकमेकांचे हात धरून निघालो. मोठ्याने बोला म्हटलं की काय बोलायचं तेच सुचत नाही. आमच्यात प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी होते. त्यांनी एकदम खड्या आवाजात सुरू केलं, "बे एके बे!" आणि आम्ही सगळे मागून म्हणू लागलो. बे दुणे चार. बे त्रिक सहा. साठी ओलांडलेली सात माणसं नदीच्या पात्रात पाढे म्हणत चालली होती. डाव्या हाताला तूर होती, शेंगांनी लगडलेली, आणि वारा नसतानाही तिचा शेंडा कुठे हलतो का, हे मी पाहत होते. कधी वाटायचं हलला. कधी वाटायचं तिच्या बुडाशी काही तरी पिवळं आहे. ती वाळलेली पानं असायची. बेचा पाढा संपला, तीनचा संपला. चारच्या पाढ्यात आम्ही वळणावर आलो.

ड्रायव्हरभाऊ होते. जिवंत होते. डोहाच्या पलीकडच्या काठावर, आमच्याकडे तोंड करून, मान खाली घालून गोटा धूत होते.

त्यांच्या मागे वाळूचा एक पट्टा, मग लव्हाळं, मग काठ. लव्हाळ्यात वाघ बसला होता.

मी खूप वेळा हे सांगायचा प्रयत्न केला आहे आणि दर वेळी लोक विचारतात, केवढा होता. मला केवढा ते सांगता येत नाही. मला डोकं दिसलं. पुढचे दोन पाय दिसले, घरातली मांजर पसरते तसे पसरलेले. त्याच्यात आणि भाऊंमध्ये एसटीच्या दोन गाड्या उभ्या राहतील एवढंच अंतर होतं. आणि तो आमच्याकडे बघत नव्हता. आम्ही एवढे ओरडत होतो, तरी तो त्यांच्या पाठीकडे बघत होता.

पाढे बंद पडले. गुरुजींचा "चार सक" तोंडातच राहिला.

"म्हणा," सिस्टर दातांतून म्हणाली. "थांबू नका, म्हणा." कोणालाच जमेना. मग ती एकटीच ओरडली, "भाऊ! ओ भाऊ!" वाघाचे कान हलले. भाऊंची मानही हलली नाही.

तेव्हा माझ्या मनात आलेली गोष्ट मी अजून घरच्यांनाही सांगितलेली नाही. मला वाटलं, आपण इथूनच परत फिरावं. तो त्यांना नेईल आणि आपण वाचू. डोळ्याची पापणी लवते तेवढाच वेळ ते मनात होतं, पण होतं.

मी ओळीच्या टोकाला होते, माझ्या मोकळ्या मुठीत तो लाल दगड होता. मी हात मागे नेला आणि जीव खाऊन फेकला. डोहाच्या मध्यावर तो पडला, पाणी उसळून भाऊंच्या तोंडावर उडालं. त्यांनी मान वर केली. चेहरा संतापलेला. आम्ही सगळे एका ओळीत हात धरून उभे, हे पाहून ते काय समजले असतील कोण जाणे. त्यांनी मला हाताने विचारलं, काय?

सिस्टरने दोन्ही हात वर उचलून खूण केली. उठा. उभे राहा.

ते मुळातच फार हळू उठतात. आधी एक हात गुडघ्यावर, मग दुसरा, मग थोडं वाकून थांबायचं, मग कंबर सरळ. त्या वाकून थांबण्यात वाघाने डोकं खाली घेतलं. खांदे वर आले. माझ्या शेजारच्या बाईंनी माझा हात इतका दाबला की दुसऱ्या दिवशी तिथे निळं झालं होतं. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा भाऊ सरळ उभे होते. उंच माणूस आहे तो, एरवी आम्हाला कधी जाणवलं नव्हतं. वाघ तसाच होता, पण त्याचं डोकं पुन्हा वर आलं होतं. मग तो उठला. घाई नाही, गुरगुरणं नाही. आमच्याकडे एकदा पाहिलं, आणि काठ चढून तुरीत शिरला. तुरीचे शेंडे एका रेघेत हलत गेले.

सिस्टरने खूण करून भाऊंना डोहाला वळसा घालून बोलावलं. ते आमच्यापाशी पोचले आणि चिडून म्हणाले, "काऊन गोटे मारून राह्यल्या मॅडम? डोळा फुटला असता ना माहा!"

सरांनी फक्त तुरीकडे बोट दाखवलं आणि वाळूवर पंजा काढून दाखवला. भाऊंनी मागे वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मटकन खाली बसायला लागले, तर आम्ही सहा हातांनी त्यांना वर ओढलं. "बसू नका! बसू नका!"

भीती तिथे संपली असती तर बरं झालं असतं. गाडी पुलाजवळ होती आणि पुलाकडची वाट त्याच तुरीला लागून होती. सर म्हणाले, दुसऱ्या काठावर चढू, शेतातून जाऊ. त्या काठावर कापसाचं शेत होतं. आम्ही एकमेकांना ओढत वर आलो, तर समोर पाच-सहा बाया शेवटचा कापूस वेचत होत्या. सगळ्या कमरेतून वाकलेल्या.

सिस्टर धावत सुटली. नुकतंच आम्हाला धावू नका म्हणणारी ती. "उभ्या राहा वो बाया! वाघ हाये तिकडे!"

एक एक करून बाया सरळ झाल्या. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईने ओटीतला कापूस सावरला आणि शांतपणे विचारलं, "कोण्या बाजूनं गेला?"

"पलीकडच्या तुरीत."

"मंग आज तिकडंच राहीन थो. परवा या धुऱ्यावर आलता." तिने शेताच्या बांधाकडे हात केला.

मी विचारलं, "आणि तरी तुम्ही आलात?"

तिने माझ्या बुटांकडे, टोपीकडे, गळ्यातल्या पिशवीकडे पाहिलं. "तुमी गोटे पाहाले येता बाई, तुमाले नाई आलं तरी चालते. हा कापूस कोण वेचन?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. एक जण उभी राहून लक्ष ठेवते आणि बाकीच्या वेचतात, असं तिने सांगितलं. मग त्यांच्यातली एक उभी राहिली, नदीकडे तोंड करून, आणि बाकीच्या पुन्हा वाकल्या. आम्ही त्यांच्यासमोरून गेलो. मला मान वर करता आली नाही.

पुलाजवळ रेंज मिळाल्यावर सरांनी फोन केला आणि वनविभागाचे लोक दुपारी आले. सरांनी जागा दाखवली. वाघीण असावी, वयाने तरुण, असं ते म्हणाले.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं, दोन गोष्टी सोडून. मी भाऊंना टाकून पुढे गेले ते, आणि परत फिरावंसं वाटलं ते. त्यांनी मला पाणी दिलं, माझ्या पायांना तेल चोळलं आणि म्हणाले, "आता गोटे बस झाले."

मलाही तसंच वाटत होतं. मला झाडायला वाकता येईना. केरसुणी हातात घेतली की पाठीवर काही तरी रोखून बघतंय असं व्हायचं. दुधवाल्याने फाटक वाजवलं तरी दचकायचे. देवापुढे बसताना भिंतीला टेकून बसू लागले. नवऱ्याने लांब दांड्याचा झाडू आणून दिला.

तीन आठवड्यांनी मी सिस्टरला घेऊन समुद्रपूरला गेले. एसटीनेच गेलो. ड्रायव्हरभाऊ ओसरीत बसले होते, खांबाला पाठ लावून. त्यांच्या बायकोने चहा आणला. मी कपाला हातही न लावता सुरू केलं. "भाऊ, त्या दिवशी शेपूट मी होते. मला तुमचा राग आला होता. मी मुद्दाम पुढे गेले आणि तुम्ही येताय म्हणून खोटं सांगितलं."

त्यांनी मशीन नीट बसवली. "मले माहीत हाये."

"काय माहीत आहे?"

"तुमी हाक मारली ते आयकलं होतं म्या. मंग मशीन काढून खिशात टाकली." ते थोडे ओशाळले. "जिंदगीभर घड्याळ पाहून गाडी हाकली मॅडम. कंडक्टरनं घंटी मारली का निघा. डेपोत उशीर झाला का बोलणे खा. म्हटलं, आता कोणी चला चला म्हणलं तर आयकाचंच नाई. तुमी गेल्या तं बरंच वाटलं मले."

सिस्टर कपाळावर हात मारून म्हणाली, "अरे बाप्पा! म्हणजे दोघंबी तसेच!"

भाऊंची बायको हसली नाही. ती दारात उभी होती. म्हणाली, "आता आंगोळीले बसतात तं दार उघडं ठेवाले सांगतात. मले बाहेर उभं करतात."

ज्याने तीस वर्षं घाटात, पावसात गाडी चालवली तो माणूस खांबाला आणखी टेकून बसला. मी माझ्या झाडूची गोष्ट सांगितली. त्यांनी मान हलवली. परत फिरावंसं वाटलं होतं, तेही सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझी हिंमत झाली नाही. मी चहा प्यायले.

उन्हाळा लागायच्या आधी गट पुन्हा सुरू झाला, पण नदीत नाही. सर आता गावाजवळच्या तलावाच्या बांधावर नेतात. तिथे दोन्हीकडचं मोकळं दिसतं, माणसांची ये-जा असते. पहिल्या रविवारी पाच जण आले. मी तिसऱ्या रविवारी गेले. ड्रायव्हरभाऊ त्याच्या पुढच्या रविवारी आले, सोबत बायकोला घेऊन. ती बांधावर उभी राहते आणि ते बसतात. मी अजून बसत नाही. मी उभीच राहते, ज्या बाजूला झाडी आहे त्या बाजूला तोंड करून. आणि कोणी वाकलेलं दिसलं की त्याने कंबर सरळ करेपर्यंत माझा श्वास वर अडकून राहतो.